पहिल्यांदा पिशवी पालथी करा

"सिस्टर, आम्हाला रामटेककडच्या आतल्या गावांत म्हाताऱ्या माणसांसाठी आरोग्य शिबीर घ्यायचंय. बॅनर छापून तयार आहे." नागपुरातली चांगली, मनापासून काम करू पाहणारी पोरं-पोरी मला असे फोन करतात. मी एकच विचारते, पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार का? पलीकडून जरा वेळ आवाजच येत नाही.

मी २९ वर्षं एएनएम, म्हणजे गावातल्या उपकेंद्रावरची नर्स होते. त्यातली बरीचशी देवलापारच्या अलीकडे-पलीकडे, जबलपूर रस्ता सोडून जंगलाकडे वळलं की लागणाऱ्या उपकेंद्रांत गेली. आता नागपुरात मानेवाड्याला राहते. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही तिघं निघतो: मी, एक औषधविक्रेते काका (त्यांचं दुकान आता मुलगा सांभाळतो) आणि एक तरुण डॉक्टरीणबाई, ज्यांना यायला जमलं नाही तर त्या फोनवर असतात. तीन गावं आणि यादीत ४१ म्हातारी माणसं. असं काही सुरू करायचं कोणाच्या मनात असेल तर कसं करायचं, ते सांगते.

शिबिरावर माझा राग नाही, नोकरीत मीही टेबल मांडून बसलेय. संध्याकाळी आकडा मोठा दिसतो, फोटो चांगले येतात. पण म्हाताऱ्या माणसाचं दुखणं म्हणजे बीपी, शुगर, गुडघे, मोतीबिंदू, दमा. यातलं एकही एका दिवसात बरं होणारं नाही. पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन आपण परत येतो, सोळाव्या दिवशी तो माणूस मोकळा. वर त्याची समजूत पक्की होते की गोळ्या संपल्या म्हणजे आजार संपला. म्हणून आधी तारीख ठरवा. गाव लहान घ्या, माणसं कमी घ्या, पण तारीख चुकवू नका.

दिवस आणि यादी

दुसरा शनिवार आम्ही घेतला कारण शहरातल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी सुट्टी असते. पण गावाचं वेळापत्रक आपल्यापेक्षा मोठं. आठवडी बाजाराच्या दिवशी कोणी सापडत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहफूल वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलैत धानाची रोवणी. ही कामं म्हातारी माणसंही करतात, आणि जी करत नाहीत ती घरी नातवंडं आणि शेळ्या राखतात. त्यांना दुपारी दोन तास रांगेत बसवणं म्हणजे शेळ्या दुसऱ्याच्या वावरात जाणं. आम्ही थंडीत अकराला पोचतो, उन्हाळ्यात सकाळी सातला.

जाण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटा. बीपी-शुगरच्या गोळ्या तिथून फुकट मिळतात, त्या विकत घेऊन वाटायची गरज नसते. गोळी आणि माणूस यांच्यामधलं अंतर कापणं एवढंच आपलं काम. मग उपकेंद्राच्या सीएचओला, म्हणजे तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याला भेटा, आणि आशाताईला तर भेटाच. तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा फॉर्म तिने आधीच भरलेला असतो. तुम्ही नवीन फॉर्म काढलात तर ती हसून 'हो' म्हणेल आणि मनातून उतराल.

यादी करताना "गावात आजारी कोण आहे?" असं विचारलं की तीच चार नावं मिळतात, जी नेहमी पुढे असतात. मी रेशन दुकानदाराला विचारते, "हल्ली कोण दिसत नाही? कोणाचं धान्य दुसरंच कोणी नेतं?" खरी यादी तिथून निघते. मागच्या खोलीत बाजेवर पडलेली आजी, ऐकू येत नाही म्हणून बाहेर यायचं सोडलेले बाबाजी. आमचा निम्मा वेळ चावडीवर जातो आणि निम्मा अशा घरांत. घरं उरकायला घाई केलीत तर फेरी फुकट.

पिशवी

चावडीवर माणूस समोर बसला की आधी मशीन काढू नका. म्हणा, "आजी, गोळ्यांची पिशवी आणा." प्रत्येक घरात ती असते. खुंटीला, देवळीत, नाहीतर तांदळाच्या डब्यात. ती चटईवर पालथी करा.

काय काय निघतं सांगू? अर्धवट फोडलेली पाकिटं, ज्यांची नावाची बाजू नेमकी फाडलेली. दोन वेगवेगळ्या दवाखान्यांतून आणलेली, वेगळ्या नावांची, पण आत औषध तेच असलेली बीपीची गोळी, दोन्ही चालू. कागदाच्या पुड्या, ज्यांत काय आहे हे देणाऱ्यालाच ठाऊक. गेल्या वर्षीचं कफाचं औषध. भगताने दिलेला अंगारा. अंगाऱ्याला मी हात लावत नाही, त्याने कोणाची किडनी जात नाही.

पुड्यांना मात्र हात लावते. गुडघे दुखतात म्हणून कोणाकडून तरी आणलेल्या अशा पुडीत बहुतेकदा दुखणं मारणारं औषध असतं, कधी स्टेरॉइडही. दोन दिवसांत माणूस चालायला लागतो, म्हणून तो देणारा देवमाणूस ठरतो. पण रोज घेतलं तर दुखणं मारणारी गोळी पोटात व्रण करते, बीपी वाढवते, किडनीवर ताण आणते. उन्हाळ्यात, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, हा ताण दुप्पट. तरी "उद्यापासून बंद" असं म्हणू नका. बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेल्या माणसाचं ते एकदम थांबवलं तर चक्कर येते, बीपी खाली जातं, प्रसंगी जीवावर बेततं. पुडी डॉक्टरांना दाखवायची, ते सांगतील तसं कमी करायचं. मधल्या काळात पॅरासिटामॉल, गरम वाळूची पुरचुंडी, आणि खाली मांडी घालण्याऐवजी पाट किंवा खुर्ची. शुगर असलेल्याला शेक देताना पुरचुंडी आधी आपल्या मनगटाला लावून बघा, त्याच्या पायाला चटका कळत नाही.

काका प्रत्येक पाकीट उचलून वाचतात, मी वहीत लिहिते, आणि डॉक्टर ठरवतात काय ठेवायचं. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी आपण परस्पर बंद करायची नाही, हा आमचा नियम. शंका आली तर फोन. रेंज नसेल तर रेंज असलेल्या झाडाखाली जाऊन फोन. प्रत्येक गावात असं एक झाड असतं, पोरांना विचारा.

आता गोळी ओळखायची कशी? अक्षर येत नाही, आलं तरी मोतीबिंदूमुळे दिसत नाही. 'सकाळी पांढरी, रात्री पिवळी' असं सांगून आलात तर पुढच्या महिन्यात सरकारी पुरवठ्यात पांढरीच्या जागी गुलाबी येते. मी मखमली टिकली वापरते. सकाळच्या पाकिटाला एक टिकली, रात्रीच्या पाकिटाला दोन. बोटाने चाचपडून कळतं, दिवा नसला तरी. बांगडीवाल्याकडे दहा रुपयांत पाकीटभर मिळतात. फक्त मुदतीच्या तारखेवर चिकटवू नका, आणि घरात लहान नात असेल तर बजावून ठेवा. एका घरी नातीने सगळ्या टिकल्या काढून बाहुलीला लावल्या होत्या.

सकाळी म्हणजे कधी

ही माझी चूक आहे, म्हणून सविस्तर सांगते. शुगरचे एक बाबाजी होते, वय सत्तरीच्या पुढे. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी लिहून दिली होती, रोज सकाळी एक. मी त्यांना दोनदा म्हणवून घेतलं, "सकाळी एक." त्यांनी तसंच केलं. पहाटे पाचला उठले, तोंड धुतलं, गोळी घेतली, बैल सोडले. त्यांच्या घरी चूल पेटायची साडेदहाला. पहिला घास अकराला.

आम्ही नशिबाने त्याच शनिवारी गावात होतो. सून धावत आली, "बाई, बुढा कसाचा कसाच करून रायला." छपरीत बसलेले, घामाने बंडी ओली, डोळे उघडे पण कोणाला ओळखत नव्हते. शेजारी कोणीतरी लिंबू उतरवायच्या तयारीत. बोटाला सुई टोचली, मशीनवर आकडा आला ४८. सत्तरच्या खाली गेलं की शुगर कमी म्हणतात. गिळता येत होतं म्हणून पेल्यात तीन चमचे साखर विरघळवून घोट-घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, ७६. मग भाकर आणि वरण. तोवर बाबाजींनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमी कवा आल्या जी?"

एवढ्यावर थांबायचं नसतं. या गोळीचा असर लांबतो, म्हाताऱ्या किडनीत तर जास्तच, आणि शुगर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. नंतर डॉक्टरांनी गोळी बदलली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र साखरपाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं. हिरड्यांना आतून साखर किंवा मध चोळा आणि गाडी बोलवा.

तेव्हापासून मी 'सकाळी' हा शब्द वापरत नाही. विचारते, "पहिला घास कधी खाता? उपास कोणकोणते?" गोळी घासाला बांधते, घड्याळाला नाही. श्रावण आणि नवरात्राच्या आधीच्या फेरीत हा प्रश्न प्रत्येक शुगरवाल्याला पुन्हा विचारायचा.

मशीन लावताना

बीपी घ्यायच्या आधी तोंड बघा. खर्रा असेल तर थुंकायला सांगा आणि अर्धा तास बसवा. तंबाखूने, चहाने, चढण चढून आल्याने आकडा वर जातो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, लुगड्याच्या पदरावरून नाही. पाच मिनिटं गप्प. हे सगळ्यात अवघड, कारण आजीला नेमकं तेव्हाच सुनेबद्दल सांगायचं असतं. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा घ्या.

पट्ट्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. मशीनसोबत येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी असतो. आमच्या कित्येक आज्यांचे दंड १९-२० चे आहेत. सैल मोठ्या पट्ट्यावर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो आणि आपण "छान आहे" म्हणून पुढे जातो. लहान पट्टा वेगळा मिळतो, तो घ्या.

आणि गोळी चालू असलेल्या प्रत्येकाचं बीपी उभं करूनही घ्या, उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर तो माणूस रात्री लघवीला उठल्यावर पडणार आहे. म्हातारपणी मांडीचं हाड मोडलं तर पुष्कळदा माणूस पुन्हा उठत नाही. डॉक्टरांना तो उभा आकडा सांगा, आणि घरच्यांना सांगा की आधी बाजेवर बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं. बाजेपासून मोरीपर्यंत दोर बांधून घ्या, धरून जायला. त्याला खर्च काही नाही.

मशीनच्या आकड्यावर विसंबून नाडी विसरू नका. एका आजीची नाडी मला तीन बोटांनी लागली तेव्हा मिनिटाला ४६ होती. तिला भूक लागत नव्हती, मळमळायचं, दोन महिन्यांत चार किलो उतरली होती. "काय करू बाई, घास तोंडाशी आला की नकोच वाटते." तिच्या पिशवीत फक्त अम्लोडिपिन ही बीपीची गोळी आणि कॅल्शियम होतं. नागपूरला आणून ईसीजी काढला, रक्त तपासलं, नाडी कमी यापलीकडे कारण मिळेना. तिची गोष्ट शेवटी पुन्हा येईल.

उन्हाळा, पावसाळा

नवतपा, म्हणजे मे अखेरीचे नऊ तापते दिवस, लागला की आमच्याकडे पारा कित्येकदा ४५ च्या वर जातो. टिनाच्या छपराखाली तो आणखी चढतो. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून "तहान लागली की प्या" हा सल्ला निरुपयोगी. आम्ही तांब्यावर सांगतो, दुपारच्या जेवणापर्यंत एक संपवायचा, दिवे लागेपर्यंत दुसरा. त्यात ताक, आंबिल, पन्हं, सगळं धरायचं. हृदय किंवा किडनीच्या पेशंटला मात्र पाण्याचं माप डॉक्टरांकडूनच घ्या. आणि एप्रिलच्या फेरीतच, लघवी वाढवणारी गोळी कोणाकोणाला चालू आहे याची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. थंडीत ठरवलेला डोस मे महिन्यात जड होतो.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. लोक पेलाभर पाण्यात अर्धं टाकतात, ते घातक. आणि कालवलेलं २४ तासांच्या पुढे ठेवायचं नाही. अंग तापलेलं, माणूस बरळतोय किंवा झापडीत आहे, तर तो उष्माघात. ताप म्हणून पॅरासिटामॉल देत बसू नका, उपयोग नाही. सावलीत न्या, लुगडं-धोतर भिजवून अंगावर टाका, वारा घाला, पुन्हा भिजवा, आणि १०८.

इन्सुलिनवाले दोघं आहेत आमच्या यादीत. गावात वीज जाते-येते, फ्रिज कोणाकडेच नाही. मोठ्या माठात ओली वाळू, त्या वाळूत छोटं मडकं, त्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं, आणि माठ अंधाऱ्या कोपऱ्यात. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची.

पावसाळ्यात ताप आला तर फक्त मलेरिया-डेंग्यू डोक्यात ठेवू नका. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसने माणसं गेली. गवतातला बारीक किडा चावतो, तिथे सिगारेटने डागल्यासारखा काळा खपला उठतो. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. काखेत, कमरेच्या दोरीखाली, जांघेत, स्तनाखाली बघावं लागतं. म्हणून फेरीत एक बाई असलीच पाहिजे. डॉक्सिसायक्लिन हे साधं औषध त्यावर चालतं, पण वेळेत द्यायला हवं. प्रत्येकाला खपला असतोच असं नाही. चार-पाच दिवस न उतरणारा ताप थेट डॉक्टरांकडे.

म्हातारचळ म्हणण्याआधी

कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज नातवाला ओळखत नाही, रात्रभर बडबडतो, कपडे काढतो. घरचे म्हणतात म्हातारचळ लागला. विसरभोळेपणा वर्ष-दोन वर्षं हळूहळू येतो. काल-आजमध्ये आलेला गोंधळ हा आजार आहे: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शुगर कमी, अंगातलं मीठ कमी, लघवी तुंबलेली, किंवा नवीन सुरू झालेली झोपेची गोळी. म्हातारपणी न्यूमोनियालाही ताप येईलच असं नाही. श्वास मोजा, शुगर बघा, ओटीपोट दाबून बघा, आणि पाठवा.

लकव्याचं वेगळं. हसायला सांगितलं की तोंड वाकडं, दोन्ही हात वर धरले की एक खाली येतो, बोलणं अडखळतं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. आमच्या गावातून डांबरी रस्त्याला यायला पाऊण तास, तिथून नागपूरला मेडिकल, मेयो किंवा एम्स यांपैकी एखादा मोठा सरकारी दवाखाना गाठायला दीड-दोन तास. हिशेब तुम्हीच करा. सकाळी बघू म्हटलं की संपलं. तेल चोळत बसायचं नाही, ॲस्पिरिन द्यायची नाही, कारण आत रक्तस्राव झाला असेल तर ती उलटते. शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ कागदावर लिहायची आणि निघायचं.

म्हणून जीप कोणाची, हे आधीच ठरवून ठेवा. प्रत्येक गावात दोन गाडीवाल्यांचे नंबर, डिझेलचे पैसे कोण देणार आणि ते नंतर कसे फिटणार, हे शांत डोक्याने चावडीवर बोलून घ्या. १०८ ची गाडी येते, पण तिला आतली वाट माहीत असेलच असं नाही. फोनवर गावाचं नाव, जवळचा डांबरी रस्ता आणि एखादी ठळक खूण सांगा, आणि एक मोटरसायकलवाला रस्त्यावर उभा करा.

कागद

याला माझा सगळ्यात कमी उत्साह, पण याच्यावाचून चालत नाही. सत्तरीच्या वरच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. ते भरती होण्यासाठी आहे, महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही, हे नीट समजावून सांगा, नाहीतर आजी कार्ड घेऊन मेडिकल स्टोअरवर जाते. कामाने झिजलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, आणि ओटीपी जातो हिंगण्याच्या कंपनीत कामाला असलेल्या नातवाच्या फोनवर. म्हणून तो दिवाळीला घरी येईल तेव्हाच हे काम धरा.

एसटीत ६५ ते ७५ वर्षांच्या लोकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट. वय दाखवणारं कार्ड सोबत हवं. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आणि वर्ष अंदाजे, असे आमच्या यादीत अर्ध्याहून जास्त. एक बाबाजी कागदावर त्यांच्या धाकट्या भावापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत.

फोनवर डॉक्टर दाखवायचा तर उपकेंद्रात सीएचओमार्फत ई-संजीवनी आहे. जाण्याआधी बीपी, शुगर, वजन आणि गोळ्यांची यादी एका कागदावर तयार ठेवा. समोरच्या डॉक्टरला वेळ थोडा असतो, आणि आजी पहिली दोन मिनिटं स्क्रीनवरच्या माणसाला नमस्कार करण्यात घालवते. ऐकू येत नसेल तर आधी कानातला मळ बघा. आमच्या यादीतले तीन बहिरे लोक मळ काढल्यावर ऐकायला लागले. एक तर म्हणाले, आता सुनेचं बोलणं पण ऐकू येतं, पुन्हा भरून द्या.

अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी पाठ आणि माकडहाड उघडून बघितल्याशिवाय निघू नका. दर दोन तासांनी कूस बदलायची, ओलं लगेच बदलायचं, लाल डाग दिसला तर त्यावर चोळायचं नाही. आणि हे सगळं करणाऱ्या सुनेचं बीपी घ्या. दोन वर्षांत मला तिथेच तीन नवीन पेशंट सापडले. तिला कोणीच विचारत नाही.

तिसरा महिना

आता ती ४६ नाडीवाली आजी. पहिल्या फेरीत तिने पिशवी दाखवली, दुसऱ्या फेरीतही तीच. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिने चहा ठेवला, बाहेरच्या बाया गेल्या का ते बघितलं, आणि मला म्हणाली, "तुमी तर दर महिन्याले येताच जी." मग धान्याच्या कोठीमागून दुसरी पिशवी काढली.

त्यात तिच्या नवऱ्याच्या गोळ्या होत्या. तो वारून वर्ष झालं होतं. हृदयाचा पेशंट, शेवटी शेवटी भरपूर औषधं चालू. त्यात डिगॉक्सिनची सहा पाकिटं. छातीत धडधडलं की ती त्यातली एक घ्यायची, कधी दिवसाला दोन. "त्यायच्या छातीले लागू होती, मले काहून नाई होणार? आन् फेकवत नाई ना, कित्ती महागाच्या." भूक मरणं, मळमळ, नाडी मंद होणं, हे सगळं ही गोळी जास्त झाली की होतं.

मी ती पिशवी तिच्यासमोर फेकली नाही. चहा पिऊन घेतला. मग काकांनी पाकिटं एकेक करून मोजली, मी वहीत तिच्या नावापुढे 'पिशवी २' असा नवीन रकाना आखला, आणि डॉक्टरांना फोन लावायला रेंजच्या झाडाकडे निघाले. आजीला सोबत घेतलं, कारण त्यांनी आज रात्रीच भरती करा म्हटलं असतं तर तिला तिथूनच जीपमध्ये बसवायचं होतं. तिने कोठीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली, आणि वाटेत विचारलं की डॉक्टरीणबाईंना तिच्या नवऱ्याची इनहेलरची डबी कामाची आहे का, ती पण ठेवलेली आहे.